तीच गाणी, पंच्याण्णवाव्या वर्षी

१९५७ साली कोलंबिया कंपनीने अमेरिकी गायक टोनी बेनेट यांची ‘द बीट ऑफ माय हार्ट’ ही एलपी काढली. बेनेट तेव्हा ३१ वर्षांचे होते. आर्ट ब्लेकी, जो जोन्स, चिको हॅमिल्टन असे जॅझमधले नाणावलेले ड्रमवादक बोलावले होते. ताल पुढे आणि बाकी वाद्ये त्याच्या मागे, अशी त्या तबकडीची बांधणी. तिच्यावर गीतकार-संगीतकार कोल पोर्टर यांची दोन गाणी होती, ‘लव्ह फॉर सेल’ आणि ‘जस्ट वन ऑफ दोज थिंग्ज’. पुढे २०२१ मध्ये त्याच कोलंबियाने, इंटरस्कोप कंपनीच्या जोडीने, बेनेट यांचा शेवटचा अल्बम प्रसिद्ध केला. सोबत गायला लेडी गागा, सगळी गाणी पोर्टर यांची आणि अल्बमचे नाव ‘लव्ह फॉर सेल’. ती दोन्ही गाणी त्यात पुन्हा आहेत. मधे ६४ वर्षे गेली होती. बेनेट ९५ वर्षांचे झाले होते, आणि पाच वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमर असल्याचे निदान झाले होते.

ज्येष्ठ गायकाने जुनी प्रेमगीते पुन्हा गायली की आपण ‘स्मरणरंजन’ एवढा एकच शब्द उच्चारून मोकळे होतो. निव्वळ आठवणींवर विकले जाणारे अल्बम निघतात, हे खरेच आहे. बेनेट यांचे गाणे मात्र मला त्या खात्यात टाकवत नाही. ही गाणी मुळात पुन्हा पुन्हा गाण्यासाठीच घडलेली आहेत, आणि ज्या गायनशैलीत बेनेट वाढले ती शैली वयाबरोबर विटत नाही. हे दोन्ही नीट समजून घेण्यासारखे आहे.

आधी गाण्यांविषयी. १९२० ते १९५० या काळात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीसाठी आणि हॉलिवूडच्या बोलपटांसाठी हजारो गाणी लिहिली गेली. जेरोम कर्न, आयर्विंग बर्लिन, जॉर्ज आणि आयरा गर्श्विन, रिचर्ड रॉजर्स आणि लॉरेन्झ हार्ट, कोल पोर्टर ही त्यातली मोठी नावे. यातली बरीचशी नाटके चार-सहा महिन्यांत उतरली आणि कायमची विसरली गेली. गाणी मात्र नाटकाबाहेर पडली. त्या काळी प्रकाशकाला छापील स्वरलिपीच्या विक्रीतून पैसा मिळे. त्यामुळे एकच गाणे जितके गायक गातील तितके त्याला हवेच असे. एखादे गाणे गाजले की लागोपाठ तीन-चार गायकांच्या तबकड्या बाजारात येत आणि त्यांत ‘मूळ’ कोणती, हा प्रश्न कुणाला पडत नसे. मुंबईतही ही गाणी वाजत होती. ताजमहाल हॉटेलात अँटोनिओ झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, आणि त्यांच्यासारखे गोव्याचे वादक त्या काळच्या अमेरिकी नृत्यसुरावटी वाजवत, आणि तेच हात पुढे सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात दिसले.

आपल्याला हे समजायला बंदिशीचे उदाहरण पुरेसे आहे. यमनमधली एखादी जुनी बंदिश कुणा एका गवयाची नसते. ती कुणी विलंबित लयीत मांडतो, कुणी शब्द फोडून त्यांच्याशी खेळतो, आणि तोच गवई तरुणपणी आणि सत्तरीत ती वेगळी गातो; त्याला कुणी पुनरावृत्ती म्हणत नाही. पोर्टर यांचे ‘नाइट अँड डे’ हे तसेच आहे. भावगीताचे आणि चित्रपटगीताचे मात्र आपल्याकडे निराळे झाले. तिथे गाणे आणि पहिला आवाज यांची गाठ पक्की बसते, दुसऱ्याने गायले की ती नक्कल किंवा आदरांजली ठरते. ठळक अपवाद ‘गीतरामायणा’चा. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर ती गाणी अनेक गायक-गायिकांनी गायली, आणि नंतर सुधीर फडके यांनी ती सगळी एकट्याने रंगमंचावर वर्षानुवर्षे गायली. बाबूजींच्या, म्हणजे फडके यांच्या, उतारवयातल्या कार्यक्रमांना गेलेल्यांना, आवाज थकल्यावरही शब्द कसा उभा राहतो, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

अमेरिकी गाण्यांचा साचा साधा असतो. बहुतेक गाणी ३२ मात्राखंडांची, आठ-आठचे चार भाग. पहिला, दुसरा आणि चौथा सारखा, तिसरा वेगळ्या वाटेने जाऊन परत येणारा. पोर्टर हा साचा सहज ताणत. ‘नाइट अँड डे’ ४८ मात्राखंडांचे आहे, आणि त्याच्या प्रास्ताविक भागात जवळजवळ एकच सूर पुन्हा पुन्हा येतो, घड्याळाच्या टिकटिकीसारखा आणि थेंबाथेंबाने ठिबकणाऱ्या पाण्यासारखा. १९३२ च्या ‘गे डिव्होर्स’ या नाटकात ते फ्रेड अस्टेअर यांच्यासाठी लिहिले होते. अस्टेअर नर्तक म्हणून अद्वितीय, पण त्यांचा आवाज लहान. गर्श्विन, बर्लिन आणि पोर्टर या तिघांनीही अस्टेअर यांच्यासाठी लिहिताना चाल बोलण्याच्या जवळ ठेवली. ही गाणी म्हाताऱ्या गळ्याला मानवतात, त्याचे एक कारण इथे आहे. ती गळ्याच्या ताकदीवर कधीच उभी नव्हती.

दुसरे कारण मायक्रोफोन. १९२५ पर्यंत तबकडीवर गाणे नोंदवायचे म्हणजे मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून जोरात गावे लागे. नाट्यगृहातही शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणे हीच गायकाची पहिली जबाबदारी. १९२५ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या विद्युत ध्वनिमुद्रण पद्धतीने हे बदलले. हळू आवाजही तबकडीवर उतरू लागला. १९३० च्या सुरुवातीला आरसीए कंपनीचे रिबन मायक्रोफोन आले. त्यांचा एक गुण गायकांनी लगेच हेरला: तोंड जवळ नेले की आवाजातला खर्ज भरून येतो, कुणी कानाशी बोलत असल्यासारखा. जीन ऑस्टिन, रूडी व्हॅली आणि त्या सगळ्यांपेक्षा मोठे ठरलेले बिंग क्रॉस्बी यांनी मायक्रोफोनकडे पाहून गायला सुरुवात केली. या मंद, जवळिकीच्या गायकांना ‘क्रूनर’ म्हणू लागले. बोस्टनचे कार्डिनल ओकॉनेल यांनी १९३२ मध्ये हे गाणे नीतिभ्रष्ट असल्याचे जाहीरपणे सांगितले. आज तो संताप अनाकलनीय वाटतो, पण नवे काय घडले होते ते त्यांनी अचूक ओळखले होते. परका पुरुष रेडिओतून थेट घरातल्या एकेकट्या माणसाशी प्रेमाचे बोलत होता. मराठी भावगीतही याच सुमारास, १९३० च्या दशकात, जी. एन. जोशी यांच्यासारख्या गायकांच्या तबकड्यांतून आणि नभोवाणीवरून घराघरांत शिरले. मायक्रोफोन नसता तर तेही नाट्यपदाच्याच ताकदीने गावे लागले असते.

क्रूनरला आवाज फेकायचा नसतो, त्यामुळे शब्द कुठे थांबवायचा, कोणता आधी उचलायचा, कोणता तालाच्या किंचित मागे ठेवायचा, यात त्याची सारी कला असते. फ्रँक सिनात्रा टॉमी डॉर्सी यांच्या ट्रॉम्बोनवादनातून लांब श्वासाची वाक्ये बांधायला शिकले, आणि १९५५ मध्ये, जेमतेम ३९ व्या वर्षी, त्यांनी ‘इन द वी स्मॉल अवर्स’ हा अल्बम केला. त्यातली बहुतेक गाणी तेव्हाच निदान पंधरा वर्षे जुनी होती. पुढच्याच वर्षी एला फिट्झगेराल्ड यांनी पोर्टर यांची गाणी दोन एलपींमध्ये गायली. म्हणजे जुन्या प्रेमगीतांकडे परत जाणे हा निवृत्तीचा उद्योग नव्हता. भर उमेदीतल्या गायकांनीच ती चाल पाडली. ज्याला आज ‘ग्रेट अमेरिकन साँगबुक’ म्हणतात ते या दशकात उभे राहिले.

बेनेट यांचा जन्म ३ ऑगस्ट १९२६ चा, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला; वाढले ते तिथल्या ॲस्टोरियात. मूळ नाव अँथनी डॉमिनिक बेनेडेट्टो. वडील इटलीच्या कालाब्रिया प्रांतातून आलेले किराणा दुकानदार, आई शिवणकाम करणारी. दुसऱ्या महायुद्धात ते पायदळात लढले. परतल्यावर सैनिकांसाठीच्या शिक्षणयोजनेतून अमेरिकन थिएटर विंगमध्ये ते गाणे शिकले, तेही इटालियन बेल कांतो पद्धतीचे, श्वास आणि स्वर यांची रोजची मेहनत सांगणारे. मिमी स्पीअर या शिक्षिकेने त्यांना सांगितले की दुसऱ्या गायकांची नक्कल करू नकोस, वादकांची कर. म्हणून ते आर्ट टेटम यांच्या पियानोकडे आणि स्टॅन गेट्झ यांच्या सॅक्सोफोनकडे वळले. त्यांच्या गाण्यात अचानक पुढे उडी मारणारी आणि मग रेंगाळणारी जी वाक्ये येतात, ती तिथून आली. १९५१ मध्ये ‘बिकॉज ऑफ यू’ दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, १९६२ मध्ये ‘आय लेफ्ट माय हार्ट इन सॅन फ्रान्सिस्को’ आले, आणि नाव कायमचे झाले.

मग काळ फिरला. रॉक आल्यावर गाणे लिहिणाराच गायचा, आणि दुसऱ्याने लिहिलेले गाणे गाणे म्हणजे काहीतरी कमी, असा समज रूढ झाला. १९७० मध्ये कंपनीच्या आग्रहाने बेनेट यांनी त्या वेळच्या लोकप्रिय गाण्यांचा एक अल्बम केला. ध्वनिमुद्रणाआधी आपल्याला उलटी झाली, असे त्यांनी पुढे सांगितले. कोलंबिया सुटली. पैसा गेला, करांची थकबाकी झाली, अमली पदार्थांमुळे १९७९ मध्ये जीव जाता जाता वाचला. आणि याच पडत्या दिवसांत, १९७५ आणि १९७७ मध्ये, पियानोवादक बिल एव्हान्स यांच्याबरोबर दोन अल्बम झाले. नुसता पियानो आणि नुसता आवाज. बेनेट यांचे सर्वांत मोठे काम मी याच दोन अल्बमना मानतो. विक्री फारशी झाली नाही.

पुढे मुलगा डॅनी याने व्यवस्थापन हाती घेतले. त्याचे धोरण सरळ होते: वडिलांचा टक्सिडो बदलायचा नाही, गाणी बदलायची नाहीत, वादक बदलायचे नाहीत; फक्त तरुण श्रोते जिथे आहेत तिथे त्यांना उभे करायचे. १९८६ मध्ये कोलंबियाकडे परत, १९९२ मध्ये सिनात्रांच्या गाण्यांचा ‘परफेक्टली फ्रँक’, १९९४ मध्ये एमटीव्हीवर ‘अनप्लग्ड’, आणि त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार. ८० व्या वर्षी त्यांनी स्वतःचीच गाजलेली गाणी इतर गायकांबरोबर पुन्हा गायली. २०११ मध्ये ‘ड्युएट्स टू’ अमेरिकेच्या यादीत पहिला आला तेव्हा ते ८५ वर्षांचे होते. त्याच अल्बमसाठी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ॲमी वाइनहाउस त्यांच्याबरोबर ‘बॉडी अँड सोल’ गायली. ते तिचे शेवटचे ध्वनिमुद्रण ठरले.

वय वाढते तसे गळ्यात काय होते? स्वरतंतूंचा मोठा भाग स्नायूंचा असतो, आणि इतर स्नायूंसारखेच तेही झिजून बारीक होतात. ते नीट मिटत नाहीत, मधे फट राहते आणि आवाजात हवा मिसळते. स्वरयंत्राच्या कूर्चा कडक होतात. फुप्फुसांची लवचीकता कमी होऊन श्वास तोकडा पडतो. वरचे सूर कठीण होतात, लांब सूर थरथरतात. ज्या गायनात सलग तान किंवा भरदार टीप हेच मुख्य, तिथे हे नुकसान भरून निघत नाही. शब्दप्रधान गाण्यात मात्र तोकडा श्वास नवी जागा निर्माण करतो. गायकाला वाक्य मधेच तोडावे लागते, आणि कुठे तोडायचे हे ज्याला सत्तर वर्षे माहीत आहे तो अशा ठिकाणी तोडतो की आधी न दिसलेला अर्थ समोर येतो. तालाची जाण आणि उच्चाराची नेमकी वेळ फार उशिरा ढळतात. बेनेट यांनी शिकाऊ वयातल्या सुरावटींचा रियाजही सोडला नव्हता. उतारवयातल्या कार्यक्रमांत ते मायक्रोफोन खाली ठेवून एक गाणे नुसत्या गळ्याने म्हणत आणि ते मोठ्या सभागृहात मागेपर्यंत ऐकू जाई.

आता शेवटचा अल्बम. तो २०१८ ते २०२० च्या सुरुवातीपर्यंत न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत नोंदवला गेला. आजाराची बातमी कुटुंबाने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केली. त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञ गायत्री देवी यांनी गाणे चालू ठेवण्याला पाठिंबा दिला होता, आणि पियानोवादक ली म्युझिकर यांच्याबरोबर आठवड्यातून दोनदा पूर्ण तालीम होत असे. ९५ व्या वाढदिवशी, ३ ऑगस्ट २०२१ ला, आणि पुन्हा ५ ऑगस्टला, रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये शेवटचे दोन कार्यक्रम झाले. गागाचे नाव त्यांच्या तोंडून बराच काळ आले नव्हते. त्या रंगमंचावर त्यांनी तिला नावाने हाक मारली, असे तिने नंतर दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत सांगितले. गाणी शब्दांसकट येत होती.

हे कसे घडते याचा एक धागा संशोधनातून मिळतो. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की फार पूर्वीपासून माहीत असलेले संगीत ओळखताना मेंदूचे जे भाग काम करतात, त्यांची अल्झायमरमध्ये होणारी झीज तुलनेने कमी आणि उशिरा असते. त्यात कृतीची स्मृतीही मिळते. सायकल चालवणे किंवा पोहणे जसे शरीराला येते, तसे हजारो वेळा गायलेले गाणे ओठांना आणि श्वासाला येते. आज सकाळी काय घडले हे सांगण्यासाठी लागणारी स्मृती वेगळी.

अशा अवस्थेतल्या माणसाला रंगमंचावर उभे करावे का, हा प्रश्न गंभीर आहे आणि तो कुणी विचारला तर मला त्याचा राग येणार नाही. माझे उत्तर मी अल्बम ऐकून ठरवले. त्यात दयेने कानाआड करावे असे काही नाही. दोघांच्या गाण्यांत गागा कधीकधी गरजेपेक्षा जोरात गाते, विशेषतः शेवटच्या ओळींकडे जाताना. पण ती सतत बेनेट यांच्याकडे कान लावून असते, त्यांनी वाक्य उशिरा उचलले तर थांबते. सर्वांत महत्त्वाची मला त्यांची एकट्याची दोन गाणी वाटतात. ‘सो इन लव्ह’ हे पोर्टर यांच्या १९४८ च्या ‘किस मी, केट’मधले गाणे अस्टेअरच्या गाण्यांसारखे सोपे नाही, ते खालून सुरू होऊन मोठ्या उंचीवर चढते. बेनेट तिथे खरखर लपवत नाहीत, चढतात. ‘जस्ट वन ऑफ दोज थिंग्ज’ हे संपलेल्या प्रेमप्रकरणाचा हसतमुख निरोप घेणारे गाणे. १९५७ च्या मुद्रणात ते ड्रमच्या झपाट्यावर निघून जाते. त्या तरुणाला दुसरी प्रेमिका उद्या भेटणार आहे. शेवटच्या अल्बममध्ये शब्द तेच, पण निरोप घेणारा माणूस नव्वदीपलीकडचा आहे आणि त्याचा स्वर अजूनही प्रसन्न आहे. त्या प्रसन्नतेसाठी आता किंमत मोजावी लागलेली आहे, आणि ती ऐकू येते.

शीर्षकगीताचा इतिहासही थांबून पाहण्यासारखा आहे. ‘लव्ह फॉर सेल’ १९३० च्या ‘द न्यूयॉर्कर्स’ या नाटकातले, देहविक्रय करणाऱ्या स्त्रीच्या तोंडचे. तेव्हा टीका इतकी झाली की प्रवेशाचे स्थळ बदलून ते गाणे कृष्णवर्णीय गायिका एलिझाबेथ वेल्श यांना दिले गेले, आणि रेडिओवर त्याचे शब्द वर्ज्य होते. बेनेट आणि गागा ते उत्साहाने, स्विंगच्या लयीत गातात. मला इथे त्यांचा निर्णय पटत नाही. जॅझ गायिका बिली हॉलिडे यांनी १९५० च्या दशकात हे गाणे ज्या थकव्याने म्हटले आहे, तो त्या शब्दांना हवाच असे मला वाटते.

इतरांनीही या गाण्यांकडे वाट काढली. विली नेल्सन यांचा १९७८ चा ‘स्टारडस्ट’, लिंडा रॉन्स्टाट यांचा १९८३ चा ‘व्हॉट्स न्यू’, बॉब डिलन यांचा २०१५ चा ‘शॅडोज इन द नाइट’. तिघेही या परंपरेबाहेरचे आणि तिघांनाही तिथे स्वतःचा आवाज सापडला. डिलन यांचा अल्बम तर सगळा सिनात्रांनी गायलेल्या गाण्यांचाच आहे.

बेनेट २१ जुलै २०२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये गेले. ‘लव्ह फॉर सेल’ला २०२२ मध्ये पारंपरिक पॉप गायनाचा ग्रॅमी मिळाला होता. आता गाण्यांच्या हक्कांविषयी. पोर्टर यांचे निधन १९६४ मधले. भारतीय कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी रचना मुक्त होते. त्यामुळे शब्द आणि चाल दोन्ही एकट्या पोर्टर यांची असलेली ही गाणी १ जानेवारी २०२५ पासून आपल्याकडे खुली आहेत. अमेरिकेत प्रकाशनानंतर ९५ वर्षांचा नियम आहे. तिथे १९३० चे ‘लव्ह फॉर सेल’ २०२६ च्या पहिल्या दिवशी मुक्त झाले, ‘नाइट अँड डे’ २०२८ मध्ये होईल. जुन्या ध्वनिमुद्रणांचे हक्क अर्थात वेगळे. पण पुण्यातल्या किंवा पणजीतल्या एखाद्या गायिकेला ‘नाइट अँड डे’ स्वतःच्या लयीत बसवून नोंदवायचे असेल, तर त्यासाठी आता कुणाचीही परवानगी लागत नाही.